ऑस्ट्रियात पहिल्यांदा जाताना: शहरे आणि स्कीचे उतार एकाच सहलीत कसे बसवावेत

ऑस्ट्रियाच्या हिवाळी सहलीची आखणी करताना आपल्याकडचे बहुतेक लोक दोन याद्या करतात. एका यादीत व्हिएन्ना आणि साल्झबुर्गचे राजवाडे असतात, दुसऱ्या यादीत कोणीतरी सांगितलेले एखादे नामांकित स्की-गाव असते. मग या दोन याद्या जोडताना मुक्काम बदलण्यात, सामान ओढण्यात आणि प्रवासात अर्धी सहल खर्च होते. ज्याने आयुष्यात कधी पायात स्की अडकवलेली नाही, त्याने नामांकित गावाचा नाद सोडून डोंगरांच्या कुशीतल्या इन्सब्रुकसारख्या शहरात मुक्काम करावा आणि सकाळी डोंगरावर जाऊन संध्याकाळी शहरात परतावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढील क्रम त्याच हिशेबाने मांडला आहे.

पहिली पायरी: सुट्टीचा महिना पाहून डोंगर निवडावा

मराठी कुटुंबांच्या सुट्ट्या शाळेच्या वेळापत्रकावर ठरतात, त्यामुळे दिवाळी, नाताळ आणि एप्रिल-मे हे तीनच पर्याय बहुतेकांच्या हातात असतात. यांपैकी दिवाळी आणि मे या दोन्ही वेळी खालच्या उंचीवरचे उतार हिरवे किंवा चिखलाचे असतात आणि उतारावर वर नेणाऱ्या तेथील लिफ्ट बंद असतात. त्या काळात स्की करायचे असेल तर हिमनदीवरच्या केंद्रांकडे वळावे लागते. इन्सब्रुकपासून जवळचे असे केंद्र म्हणजे श्टुबाई हिमनदी. तेथील सर्वांत उंच ठिकाण 3,210 मीटरवर आहे आणि तेथील हंगाम साधारणतः ऑक्टोबरपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत चालतो. त्सिलरटाल खोऱ्याच्या टोकाशी असलेल्या हिंटरटुक्स हिमनदीवर तर बाराही महिने स्की करता येते. मात्र ऑक्टोबरच्या शेवटी हिमनदीवरचे सगळे उतार खुले झालेले नसतात, त्यामुळे दिवाळीत जाणाऱ्यांनी केंद्राच्या संकेतस्थळावर कोणत्या लिफ्ट चालू आहेत हे पाहूनच तिकिटाचा विचार करावा.

नाताळ ते नववर्ष हा आठवडा सर्वांत महाग आणि सर्वांत गर्दीचा असतो. 6 जानेवारीचा सण उलटला की गर्दी एकदम ओसरते आणि महिन्याच्या अखेरीपर्यंत दरही तुलनेने खाली राहतात. फेब्रुवारीत ऑस्ट्रियातील प्रांतांच्या शाळांना पाळीपाळीने आठवडाभर सुट्टी असते, शेजारच्या जर्मनीतील कुटुंबेही त्याच सुमारास येतात, त्यामुळे स्की-शाळांचे वर्ग भरून जातात. ज्यांना शाळेची अडचण नाही, त्यांच्यासाठी जानेवारीचा दुसरा पंधरवडा किंवा मार्चचा पहिला पंधरवडा उत्तम होय. मार्चमध्ये दिवस मोठा असतो आणि ऊनही सुखाचे असते, पण दुपारनंतर खालच्या उतारांवरचा बर्फ ओला व जड होतो. तेव्हा शिकवणी सकाळचीच घ्यावी.

दुसरी पायरी: व्हिसा आणि विमा

ऑस्ट्रिया शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात येतो, म्हणून भारतीय पासपोर्टधारकाला शेंगेन व्हिसा लागतो. सहलीतील सर्वाधिक रात्री ऑस्ट्रियात असतील तर अर्ज ऑस्ट्रियाकडे करावा. दोन देशांत समान रात्री असतील तर प्रथम प्रवेश ज्या देशात होणार, त्याच्याकडे अर्ज करावा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. किमान पंधरा दिवसांची अट नियमात असली तरी नाताळच्या तोंडावर भेटीच्या वेळा मिळत नाहीत, हे ध्यानात ठेवून दोन-तीन महिने हाताशी ठेवावेत. जून 2024 पासून प्रौढांसाठी शुल्क 90 युरो, 6 ते 12 वर्षांच्या मुलांसाठी 45 युरो आहे. त्याहून लहान मुलांना शुल्क नाही. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला असावा आणि परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावा.

विम्याकडे मात्र लोक व्हिसाची एक औपचारिकता म्हणून पाहतात, आणि येथेच खरा धोका असतो. व्हिसासाठी किमान 30,000 युरोचे वैद्यकीय संरक्षण पुरेसे ठरते, परंतु प्रवास विम्याच्या अनेक साध्या पॉलिसींमध्ये हिवाळी खेळ किंवा साहसी खेळ वगळलेले असतात. म्हणजे पॉलिसी व्हिसा मिळवून देईल, पण उतारावर मोडलेल्या पायाचे पैसे देणार नाही. डोंगरावरून हेलिकॉप्टरने खाली आणावे लागले तर त्याचे बिल हजारो युरोंच्या घरात जाते आणि ते जखमी प्रवाशाच्याच नावाने निघते. म्हणून पॉलिसी घेण्यापूर्वी ‘वगळलेल्या बाबी’ हे पान शब्दन्‌शब्द वाचावे आणि तीन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात: आखलेल्या उतारांवरील स्कीला संरक्षण आहे का, डोंगरावरील बचावकार्याचा खर्च मिळतो का, आणि आपल्या धडकेने दुसऱ्याला इजा झाल्यास तिची भरपाई विमा कंपनी देते का. अधिकचा हप्ता भरून हे संरक्षण देणाऱ्या पॉलिसी मिळतात. त्या घेण्यात कंजुषी करू नये.

तिसरी पायरी: व्हिएन्नात पोहोचणे आणि पहिले दिवस

आल्याआल्या डोंगरावर धावू नये. भारत आणि ऑस्ट्रिया यांच्या घड्याळात हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक असतो. थंडीची सवय होण्यासाठीही व्हिएन्नातील तीन दिवस उपयोगी पडतात. विमानतळावरून शहरात जाण्यासाठी ‘कॅट’ नावाच्या खास गाडीची जाहिरात जागोजागी दिसते. परंतु सरकारी रेल्वेच्या, म्हणजे ओबीबीच्या, साध्या गाड्या तितक्याच वेळात मुख्य स्थानकावर नेतात आणि त्यांचे तिकीट बरेच स्वस्त असते. शहरात भुयारी रेल्वे, ट्राम आणि बस यांना एकच तिकीट चालते. कागदी तिकिटावर आधी वेळेचा शिक्का नसेल तर पहिल्या प्रवासापूर्वी ते यंत्रात घालून शिक्का मारून घ्यावा लागतो. स्थानकांवर फाटके नसल्यामुळे तिकीट कोणी पाहत नाही असा समज होतो. तपासनीस साध्या वेशात असतात आणि दंड तिथल्या तिथे वसूल करतात.

काय पाहावे याची यादी मोठी आहे, तेव्हा पसंतीक्रम ठरवावा. श्योनब्रुन राजवाड्यात 1,441 दालने आहेत, त्यांपैकी चाळीसेक लोकांसाठी खुली आहेत. प्रवेश ठरावीक वेळेचा असल्याने तिकीट आधीच काढावे. मागच्या बागेत आणि ग्लोरिएट नावाच्या मंडपाच्या टेकडीवर मात्र हिवाळ्यातही मोकळेपणाने फिरता येते. सांक्ट श्टेफान या मुख्य चर्चच्या दक्षिण मनोऱ्याच्या 343 पायऱ्या चढून गेल्यावर छपरावरील रंगीत कौलांची नागमोडी नक्षी जवळून दिसते. ज्यांचे गुडघे कुरकुरतात, त्यांच्यासाठी उत्तरेकडील मनोऱ्याला लिफ्ट आहे. चित्रकलेची आवड असणाऱ्यांनी कलेतिहास संग्रहालयातील ब्रॉयगलच्या चित्रांचे दालन आणि वरच्या बेल्व्हेडेरमधील क्लिम्टचे ‘चुंबन’ हे चित्र चुकवू नये. काही मोठी संग्रहालये सोमवारी बंद असतात, हे आधी पाहून घ्यावे. 1897 सालचा प्राटर बागेतला महाकाय पाळणा मुलांसाठी ठीक आहे, पण वेळ कमी असेल तर तो मी वगळेन.

कॅफेसाठी मात्र वेळ काढावा. व्हिएन्नाच्या कॅफेत एका ‘मेलांज’ कॉफीवर दोन तास बसले तरी कोणी उठवत नाही. चांदीच्या रंगाच्या छोट्या तबकात कॉफीबरोबर पाण्याचा पेला येतो आणि पेल्यावर चमचा पालथा ठेवलेला असतो. ते पाणी नळाचेच असते, कारण 1873 पासून या शहराला आल्प्समधील झऱ्यांचे पाणी नळाने मिळते. बाटलीबंद पाण्यावर पैसे घालवण्याचे येथे काहीच कारण नाही.

एक सूचना फार महत्त्वाची आहे. रविवारी ऑस्ट्रियातील किराणा दुकाने आणि सुपरमार्केट बंद असतात. मोठ्या रेल्वे स्थानकांतील काही दुकाने तेवढी उघडी मिळतात. लहान मुले बरोबर असतील किंवा स्वतः स्वयंपाक करण्याची सोय असलेली खोली घेतली असेल, तर शनिवारी संध्याकाळपूर्वीच दूध, भाजी आणि पाव आणून ठेवावा.

चौथी पायरी: रेल्वेने इन्सब्रुक

व्हिएन्ना ते साल्झबुर्ग रेलजेट गाडीने सुमारे अडीच तास आणि व्हिएन्ना ते इन्सब्रुक सव्वाचार तास लागतात. आधी काढलेले सवलतीचे तिकीट बरेच स्वस्त पडते, पण ते त्याच गाडीला बांधलेले असते. साल्झबुर्गला वाटेत उतरून एक रात्र राहता येते: 1756 साली मोझार्टचा जन्म झाला ते गेट्राइडेगासे या रस्त्यावरील पिवळे घर, वरचा होहेनसाल्झबुर्ग किल्ला आणि नदीकाठचे जुने गाव एवढे एका दिवसात आरामात होते. साल्झबुर्गहून पुढे जाणारी गाडी काही अंतर जर्मनीच्या हद्दीतून जाते. अधूनमधून तेथे पोलिसांची तपासणी होते, म्हणून पासपोर्ट सामानात खोल न ठेवता जवळ ठेवावा.

मोटार भाड्याने घेण्याचा मोह बहुतेकांनी टाळावा. महामार्गासाठी वेगळे ‘व्हिन्येट’, म्हणजे पथकराचे स्टिकर, घ्यावे लागते, 1 नोव्हेंबर ते 15 एप्रिल या काळात रस्त्यावर बर्फ वा बर्फाचा चिखल असेल तर हिवाळी टायर सक्तीचे असतात, आणि बर्फाळ घाटात गाडी चालवण्याचा सराव आपल्याला नसतो. रेल्वे आणि स्की-बस या दोघांनी काम भागते.

पाचवी पायरी: इन्सब्रुकमध्ये मुक्काम

इन्सब्रुक समुद्रसपाटीपासून 574 मीटरवर, इन नदीच्या खोऱ्यात आहे आणि शहराच्या उत्तरेला नॉर्डकेटेची डोंगररांग भिंतीसारखी उभी आहे. 1964 आणि 1976 अशी दोनदा येथे हिवाळी ऑलिंपिक झाली. जुन्या शहरात सम्राट पहिला माक्सिमिलियान याच्यासाठी 1500 च्या सुमारास बांधलेला ‘सोनेरी छप्पर’ असलेला सज्जा आहे. त्यावर सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या 2,657 कौलांचे आच्छादन आहे. जवळच्या होफकिर्शे चर्चमध्ये माक्सिमिलियानच्या समाधीभोवती माणसापेक्षा मोठे असे 28 कांस्य पुतळे पहारा देत उभे आहेत, आणि मौज अशी की समाधी रिकामी आहे, कारण सम्राटाचे दफन व्हिएन्नाजवळच्या वीनर नॉयश्टाट येथे झाले. सोनेरी छप्पर पाहायला पाच मिनिटे पुरतात. या चर्चसाठी तासभर राखून ठेवावा.

शहरातून थेट डोंगरावर जाण्याची सोय हे इन्सब्रुकचे खरे वैशिष्ट्य. वास्तुविशारद झाहा हदीद यांनी आखलेल्या स्थानकांची हंगरबुर्ग रेल्वे 2007 पासून जुन्या शहराच्या कडेवरून वर नेते, तेथून केबलकारने 1,905 मीटरवरील झीग्रुबे आणि पुढे 2,256 मीटरवरील हाफेलेकार गाठता येते. हवा स्वच्छ असेल त्या दिवशी येथे केवळ देखाव्यासाठी जावे. स्की घेऊन मात्र नवख्याने येथे मुळीच जाऊ नये, कारण हाफेलेकारहून खाली येणारी घळ युरोपातील अत्यंत तीव्र उतारांपैकी एक आहे.

खोली निवडताना मुख्य स्थानकापासून किंवा जुन्या शहरापासून चालत जाता येईल अशी निवडावी, कारण स्की-बस तेथूनच सुटतात. दोन किंवा अधिक रात्री राहणाऱ्यांना सहभागी हॉटेलांकडून ‘वेलकम कार्ड’ मिळते आणि त्यावर स्थानिक बस व ट्रामचा प्रवास करता येतो. खोली घेतानाच ते मिळेल का हे विचारावे. चार-पाच दिवस स्की आणि शहर दोन्ही करायचे असेल तर ‘स्की प्लस सिटी’ हा एकत्रित पास हिशेबात घ्यावा. आसपासची डझनभर स्की-क्षेत्रे, स्की-बस आणि संग्रहालयांसारखी अनेक ठिकाणे त्यात येतात. पण पहिल्या दिवशीच तो घेण्याची घाई नको. त्याचे कारण पुढे येईल.

सहावी पायरी: शिकण्यासाठी योग्य उतार

ऑस्ट्रियात उतारांचे तीन रंग आहेत: निळा सोपा, लाल मध्यम आणि काळा अवघड. नवख्याची सुरुवात निळ्यावरही होत नाही, ती होते जवळपास सपाट अशा सरावाच्या मैदानावर, जेथे जमिनीवरून सरकणारा पट्टा उभ्या उभ्या वर नेतो. असे मैदान, त्याच्या शेजारी स्की-शाळा आणि लगेच वर एखादा लांब, रुंद निळा उतार, या तीन गोष्टी जेथे आहेत ते ठिकाण चांगले. इन्सब्रुकच्या जवळ मुटररआल्म आणि श्टुबाई खोऱ्यातील फुल्पमेसच्या वरचे श्लिक 2000 ही कुटुंबांसाठी सोयीची क्षेत्रे आहेत, आणि शहरातून निघणारी श्टुबाईटाल ट्राम मुटर्सवरून फुल्पमेसपर्यंत जाते. श्टुबाई हिमनदीवर बर्फाची हमी अधिक आणि उतारही रुंद आहेत, परंतु वाऱ्याच्या दिवशी तेथे बोचरी थंडी असते आणि तीन हजार मीटरवर थोड्या श्रमानेही धाप लागते.

मग नामांकित गावांचे काय? आर्लबेर्ग भागातील सांक्ट आंटोन हे स्कीच्या इतिहासातील मोठे नाव आहे. हानेस श्नायडर यांनी 1921 मध्ये तेथे स्की-शाळा काढली आणि त्यांच्या शिकवण्याच्या पद्धतीचा प्रसार जगभर झाला. त्या भागात आज तीनशेहून अधिक किलोमीटरचे उतार आहेत. पण त्यांतील बराच भाग सराईतांचा असून पहिल्या तीन दिवसांत नवखा त्यांपैकी एक-दोन किलोमीटरही वापरत नाही. पैसे मात्र पूर्ण क्षेत्राचे मोजावे लागतात. किट्झब्युहेलमध्ये जानेवारीत श्ट्राइफ उतारावर होणाऱ्या हानेनकाम शर्यतीच्या आठवड्यात खोल्या मिळणे मुश्कील असते. तेथे प्रेक्षक म्हणून जावे. शिकणाऱ्याने तो आठवडा टाळावा.

सातवी पायरी: साहित्य आणि कपडे

स्की, बूट, काठ्या आणि हेल्मेट भाड्याने घ्यावे. उतारावर जाण्याच्या आदल्या संध्याकाळी दुकानात गेल्यास सकाळची रांग वाचते. दुकानदार उंची, वजन, वय आणि अनुभव विचारतो. त्यावरून बूट पडतेवेळी स्कीपासून किती जोराला सुटावा, याचा स्क्रू तो बसवतो. येथे वजन कमी सांगण्याचा किंवा अनुभव वाढवून सांगण्याचा मोह थेट गुडघ्यावर बेततो.

बुटांना वेळ द्यावा, कारण बूट चुकला की शिकणे थांबते. पायात एकच पातळ, लांब लोकरी मोजा असावा. दोन मोजे घातले की सुरकुत्या पडून फोड येतात. बूट घालून ताठ उभे राहिल्यावर अंगठा पुढे किंचित टेकला पाहिजे आणि गुडघे पुढे वाकवल्यावर तो मागे सरकला पाहिजे. टाच मात्र वर उचलली जाता कामा नये. पोटरीवर घट्टपणा जाणवणे योग्य, तळपायात मुंग्या येणे अयोग्य. दुकानातच दहा मिनिटे बूट घालून फिरावे आणि शंका असेल तर निःसंकोच दुसरा माप मागावा. भाड्याच्या स्कीवरील क्रमांकाचा फोटो काढून ठेवावा, कारण दुपारी उपाहारगृहाबाहेर शेकडो स्की एकसारख्या दिसतात.

कपड्यांत जीन्स आणि सुती बनियन बाद समजावेत. आत घाम शोषून बाहेर टाकणारे थर्मल, मध्ये लोकरी किंवा फ्लीसचा थर आणि वर पाणी न शिरणारे जॅकेट व पँट, असा क्रम ठेवावा. हातमोजे जलरोधक हवेत आणि डोळ्यांना गॉगल हवा. बर्फावरून परावर्तित होणाऱ्या उन्हाने चेहरा भाजतो, म्हणून सनस्क्रीन नाकाच्या खालच्या बाजूलाही लावावे. हे कपडे पुण्या-मुंबईत खेळांच्या मोठ्या दुकानांत मिळतात. हेल्मेट ऑस्ट्रियाच्या बहुतेक प्रांतांत मुलांना सक्तीचे आहे आणि मोठ्यांनीही ते घालावेच.

आठवी पायरी: उतारावरचे पहिले तीन दिवस

नातेवाइकांकडून किंवा मित्राकडून शिकू नये, प्रशिक्षक घ्यावा. गटवर्ग बहुधा सकाळी दहाच्या सुमारास सुरू होतात, आणि आठवड्याचे वर्ग रविवारी किंवा सोमवारी. म्हणून इन्सब्रुकला शनिवारी पोहोचेल असा बेत उत्तम. पहिल्या दिवशी एका स्कीवर सरकणे, आडव्या पावलांनी चढणे, कडेला पडणे आणि पडल्यावर उठणे एवढेच होते. नंतर येतो ‘नांगर’: स्कीची पुढची टोके जवळ, मागची दूर, आणि आतल्या कडांवर भार देऊन थांबणे. हे जमेपर्यंत सरकत्या पट्ट्यापुरते तिकीट पुरते. अनेक ठिकाणी ते वेगळे आणि स्वस्त मिळते, म्हणूनच मोठा पास दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवसापासून घ्यावा. प्रकृती ठणठणीत असलेल्या बहुतेकांना तिसऱ्या दिवशी प्रशिक्षकासह निळा उतार उतरता येतो.

पासाचे कार्ड डाव्या खिशात, मोबाइलपासून दूर ठेवावे, कारण लिफ्टची फाटके डाव्या बाजूने ते वाचतात. उतारावर खालच्या माणसाला वाट देणे ही वरून येणाऱ्याची जबाबदारी असते. थांबायचे तर कडेला थांबावे, वळणामागे किंवा अरुंद जागी कधीही नाही. आखलेल्या उताराबाहेर पाऊल टाकू नये. हिमस्खलनाचा धोका पाच पातळ्यांत रोज जाहीर होतो, पण नवख्यासाठी कोणत्याही पातळीचा अर्थ एकच: आखलेल्या उतारावरच राहावे. अपघात झाल्यास स्की वरच्या बाजूला बर्फात फुलीसारख्या रोवून 140 या डोंगरी बचाव क्रमांकावर किंवा 112 वर फोन करावा.

घरातील ज्येष्ठ किंवा ज्यांना स्की नको, त्यांनी पायी प्रवाशांचे केबलकार तिकीट काढावे. बर्फ दाबून केलेल्या पायवाटा आणि लाकडी घसरगाडीचे मार्ग बऱ्याच डोंगरांवर आहेत. श्टुबाई हिमनदीवर बर्फाची गुहा आणि वर निरीक्षण-सज्जा आहे.

दुपारच्या जेवणाचा प्रश्न शाकाहारी मंडळींना सतावतो. डोंगरावरील उपाहारगृहांत ‘केझेश्पेट्झले’ म्हणजे चीज घातलेल्या पिठाच्या जाड शेवया, ‘गेर्मक्न्योडल’ म्हणजे आलुबुखाऱ्याचे सारण आणि खसखस असलेला वाफवलेला पिठाचा गोळा, आणि ‘कायझरश्मार्न’ म्हणजे तुकडे केलेले गोड धिरडे मिळते. अंडे बहुतेक सर्वांत असते. धिरड्याच्या पट्ट्या घातलेले पातळ सूप निष्पाप दिसते, पण ते गोमांसाच्या पाण्यात केलेले असते. ‘श्पेक’ हा शब्द दिसला की डुकराचे मांस आहे असे समजावे. थेपले, चिवडा आणि गरम पाण्यात होणारी पाकिटे पिशवीत असली तर दिवस निभावतो.

शेवटची पायरी: परतीचा मार्ग

परतीसाठी पुन्हा व्हिएन्नाला जाणे गरजेचे नाही. इन्सब्रुकहून म्युनिकला रेल्वेने पावणेदोन तासांत जाता येते आणि तेथून मुंबईला थेट विमान मिळते, म्हणून जाताना व्हिएन्ना आणि येताना म्युनिक असे तिकीट पाहावे. भाड्याचे साहित्य शेवटच्या संध्याकाळीच परत करावे. दुकाने बहुधा सहाच्या सुमारास बंद होतात आणि सकाळची गाडी दुकान उघडेपर्यंत थांबत नाही. लिफ्टच्या कार्डासाठी अनामत घेतलेली असेल तर ती खालच्या स्थानकावरच्या यंत्रातून परत मिळते. ओले हातमोजे आणि मोजे रात्री हॉटेलच्या हीटरवर वाळवून मगच बॅगेत भरावेत.